मागच्या शेडची आणि एका पोत्याची व्यवस्था

लिहून ठेवणार: केशव दत्तात्रय वैजापूरकर, वय त्र्याहत्तर, निवृत्त टूलरूम फिटर, राहणार सिडको, हर्सूलच्या बाजूला, छत्रपती संभाजीनगर.

आज खंडेनवमी. सकाळी हत्यारं पाटावर मांडून त्यांची पूजा केली, झेंडू वाहिला, नारळ फोडला. आज हत्याराला हात लावायचा नाही आणि उद्या दसऱ्याला पूजा हलवूनच ते उचलायचं, हा आमच्या टूलरूमचा नेम होता आणि माझ्या घरात अजून आहे. रिकामे हात मला जमत नाहीत, म्हणून आज हे लिहायला घेतलं आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टर हिमांशू देव यांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धाकदपटशा केलेला नाही, भुलवलेलं नाही, आणि मी कसल्याही नशेत नाही. रागात मात्र आहे. रागात लिहिलेलं मृत्युपत्र चालतं का, असं मी डॉक्टरांनाच विचारलं. ते म्हणाले, "काका, राग नसता तर निम्म्या लोकांनी लिहिलंच नसतं."

माझ्या पश्चात माझ्या स्थावर-जंगम मिळकतीची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी.

कलम एक. याआधी मी एक मृत्युपत्र केलं होतं. त्यात घरामागची शेड आणि शेडमधली सर्व हत्यारं माझा मित्र इंद्रजीत साळुंके आणि माझा मुलगा मंदार या दोघांच्या नावे समाईक ठेवली होती. ते मृत्युपत्र मी रद्द करतो. त्याची प्रत कोणाकडे असेल तर फाडून टाकावी.

कलम दोन. राहतं घर माझ्या स्वकष्टार्जित कमाईतलं असून त्यावर कोणाचा बोजा नाही. ते मंदारला मिळावं. यात माझी मेहरबानी काही नाही. या घराच्या भिंतींना त्याच्या आईने, म्हणजे माझी पत्नी कै. अंबिका हिने, उन्हाळाभर पाणी मारलं आहे आणि तिचा तो एकुलता एक आहे. त्याला घर पाडून मजले चढवायचे असतील तर खुशाल चढवावेत. फक्त स्वयंपाकघरातली पितळी खुंट्यांची फळी आधी उतरवून घ्यावी. लग्नानंतर मी अंबिकेसाठी केलेली ती पहिली वस्तू. एक खुंटी थोडी तिरकी आहे. ती सरळ करतो म्हणालो तर अंबिका म्हणाली, "राहू द्या, त्यावर झारा बरोबर अडकतो." ती फळी माझी नात मनस्विनी हिला द्यावी आणि खुंटी तिरकीच ठेवावी.

बँकेतल्या ठेवी माझी सून चारुता हिला. एक खातं त्यातून वगळलं आहे. त्यात वैजापूरच्या तात्यासाहेबांकडून आलेले कामाचे पैसे आहेत. ते जसेच्या तसे मंदारला परत जावेत. तात्यासाहेबांचे पैसे मंदारला का, ते कलम पाचमध्ये येईल.

कलम तीन. शेड.

मोरी आणि मागची भिंत यांच्यामध्ये पत्र्याची जी शेड आहे, ती अंबिका गेल्यानंतर उभी राहिली. ती गेली आणि माझं बोलणं बंद झालं. ताट समोर यायचं आणि तसंच परत जायचं. मंदार पुण्याहून रजा काढून आला. इंद्रजीत छावणीतून रोज येऊन बसायला लागला. आम्ही दोघं चिकलठाण्याच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये एकाच दिवशी शिकाऊ म्हणून लागलो होतो. माझे वडील वैजापूरच्या तहसिलीत कारकून, घरात सगळे लेखणीवाले. मी कानस हातात धरली म्हणून वडील वर्षभर माझ्याशी नीट बोलले नव्हते. तेव्हा मला डबा इंद्रजीतच्या घरून यायचा. हे इथे लिहिलं पाहिजे, कारण पुढे जे लिहिणार आहे ते कोणाविषयी आहे ते कळावं.

तर एके दिवशी इंद्रजीत म्हणाला, "केशा, चल ऊठ. छावणीचा बाजार भरलाय. तिथं एक वाईस पडलाय, तुझीच वाट बघतोय."

वाईस म्हणजे बेंचवर काम घट्ट धरून ठेवणारा शिकंजा. तो जुना होता, जबडे घासलेले, पण स्क्रू सरळ. तिथून सुरुवात झाली. बेंचसाठी कोणाच्या तरी पाडलेल्या घराची सागवानी दारं आणली. वाईसचा जबडा उभ्या माणसाच्या कोपराइतका उंच लागतो, नाही तर कानस मारताना पाठ जाते. म्हणून मंदारने मला भिंतीला टेकवून उभं केलं आणि माझ्या कोपराखाली पेन्सिलने खूण केली. ती खूण अजून भिंतीवर आहे. खिडकी उत्तरेला काढली, कारण दक्षिणेच्या उन्हात आखलेली रेघ दिसत नाही. कानशींसाठी खाचांची फळी केली. पितळेची कानस वेगळी आणि पोलादाची वेगळी, पितळेच्या कानशीच्या मुठीला पिवळा दोरा. नवी कानस आधी पितळेवर चालवायची आणि धार जरा कमी झाली की पोलादाला द्यायची, उलट केलं तर पितळेवर ती नुसती घसरते. हे मी मंदारला सांगत होतो आणि तो मान डोलवत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझ्या कामातलं काही विचारलं होतं. त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

या शेडमधलं काहीही माझ्या धाकट्या मेहुण्यांना देऊ नये. त्यांनी एका दिवाळीत माझ्या वाईसमध्ये अक्रोड फोडले होते आणि वर "बरं झालं, याचा काहीतरी उपयोग झाला" असं म्हणाले होते.

कलम चार. तीन प्लेटा.

शेडमध्ये बिडाच्या दोन सपाट प्लेटा आहेत, फळकुटात झाकून ठेवलेल्या. तिसरी इंद्रजीतकडे आहे. या प्लेटा मी, इंद्रजीत आणि आमच्याबरोबरचा शिवराज, असं आम्ही तिघांनी शिकाऊ असताना हाताने खरवडून केल्या. वस्तू सपाट आहे की नाही ते अशा प्लेटेवर ठेवून तपासतात. पण प्लेटच सपाट आहे हे कशावरून? त्यासाठी एकीला निळा रंग फासून दुसरी तिच्यावर फिरवायची. जिथे उंचवटा असेल तिथे निळं लागतं, तेवढं खरवडायचं. मात्र दोनच प्लेटा एकमेकींवर घासत बसलं तर एक फुगीर होते आणि दुसरी खोलगट. दोघी एकमेकींत अगदी छान बसतात आणि दोघी चुकलेल्या असतात. म्हणून तिसरी लागते. तिसरी आली की कोण कुठे फुगलंय ते लगेच दिसतं.

शिवराज गेला तेव्हा त्याची बायको आवडाबाई मला म्हणाली, "भावजी, ह्यो लोखंडी पाट लई जड हाय. माझ्यानं हालत नाय. तुमीच न्या." तशी त्याची प्लेट माझ्याकडे आली. दर दसऱ्याला इंद्रजीत त्याची प्लेट रिक्षात घालून आणायचा आणि आम्ही तिन्ही एकमेकींवर तपासून बघायचो. यंदा तो येईल असं मला वाटत नाही.

कलम पाच. तात्यासाहेब.

शेड झाली, पण काम कुठलं? घरच्या कड्या-कोयंडे दुरुस्त करून संपले. मग इंद्रजीतने पहिलं काम आणलं. वैजापूरला कोणी तात्यासाहेब म्हणून कांद्याचे व्यापारी आहेत, त्यांच्याकडे कांदा निवडायची मोठी चाळणी आहे आणि तिचे खटके सारखे मोडतात. बाजारात मिळतात ते टिकत नाहीत. तुझ्या हाताचे हवेत, असं म्हणाला.

मी खटके केले. निरोप आला, उत्तम चालले. मग बिजागऱ्या आल्या, मग क्लॅम्प, मग आसाला घालायचे पितळी बुश, मग पुन्हा खटके. मी सकाळी अंघोळ करून, देवाला फूल वाहून शेडमध्ये जायचो, नोकरीत जायचो तसा. जेवायला वेळ व्हायला लागला आणि त्याचा मला आनंद व्हायला लागला. कोणी लग्नाला बोलावलं तर मी म्हणायचो, बघतो, वैजापूरचं काम द्यायचं आहे.

तात्यासाहेबांना मी कधी पाहिलं नाही. त्यांना गुडघ्याचा त्रास, ते बाहेर पडत नाहीत, आणि मोठा माणूस, त्यांना कशाला तसदी द्यायची. पण त्यांचे निरोप यायचे. इंद्रजीत फोन डोळ्यांपासून लांब धरून ते वाचून दाखवायचा. एकदा आलं, "या माणसाच्या हाताखाली लोखंडसुद्धा शहाण्यासारखं वागतं." ते वाक्य मी वाईसच्या वर भिंतीवर खडूने लिहून ठेवलं. चाळीस वर्षं टूलरूममध्ये काढली, निरोप समारंभात नारळ आणि शाल मिळाली, पण असं कोणी बोललं नव्हतं. दिवाळीला मी तात्यासाहेबांसाठी पितळी अडकित्ता केला, पात्याला पोलादी धार, मुठीवर मोर. इंद्रजीतबरोबर पाठवला. त्यांनी उलट कांद्याचं पोतं पाठवलं. त्या कांद्यांची भजी आम्ही सगळ्यांनी खाल्ली. मंदारनेही खाल्ली.

आता माझी एक सवय सांगितली पाहिजे. आखणी करण्याआधी आम्ही धातूला निळा रंग फासतो, त्यावर सुईची रेघ उठून दिसते. काम झालं की बाकीचे तो रंग पुसतात. मी जिथे वस्तू घासणार आहे तिथला पुसत नाही. वस्तू चालायला लागली की निळं जिथून आधी जातं तिथे ती अडते आहे असं समजायचं. कोणी परत आणून दाखवली की मला न विचारता कळतं, कुठे कानस मारायची ते. चालत्या वस्तूवर निळं आठवडाभरसुद्धा टिकत नाही.

यंदा श्रावणात इंद्रजीत आला आणि म्हणाला, "तात्यासाहेबांनी आणखी खटके मागितलेत. ह्यो बघ नमुना. दोन हंगाम चाललाय, तसेच कर म्हणले." आणि त्याने माझाच जुना खटका बेंचवर ठेवला.

मी तो खिडकीशी नेला. निळं जागच्या जागी होतं. सुईची रेघसुद्धा मी काढली तशी.

"इंद्या, हा चाळणीतून काढून आणलास?"

"व्हय. कालच काढला."

"मग निळं कसं राहिलं?"

तो उठला. माठातलं पाणी प्यायला. पुन्हा प्यायला. इतकी वर्षं टूलरूममध्ये काढलेल्या माणसाने न चाललेली वस्तू चाललेली म्हणून माझ्यासमोर ठेवावी, याचं मला आधी हसू आलं. मग मी खटका खिशात टाकला. मी म्हणालो, चल, रिक्षा थांबव, तुझ्या घरी जाऊ.

छावणीत त्याच्या घरच्या माळ्यावर खताचं एक पोतं होतं. माझं सगळं काम त्यात होतं. खटके, बिजागऱ्या, क्लॅम्प, बुश. प्रत्येक वस्तू तेल लावून वर्तमानपत्रात गुंडाळलेली. एकीलाही गंज नव्हता. टूलरूमचं तेवढं शिक्षण त्याने पाळलं होतं. तळाशी फडक्यात अडकित्ता होता.

"टाकवत नव्हतं रं," इंद्रजीत म्हणाला. "दर दसऱ्याला खाली काढून तेल लावायचो. मंदार म्हणला व्हता, काका, बाबांचं मन रमंल असं कायतरी करा. पैशे मी देतो. मी म्हणलं, करू. मला काय म्हाईत तू इतका मन लावून करशील."

वैजापूरला चाळणी नव्हती. तात्यासाहेब नव्हते. मी ज्या गुडघ्यासाठी तेल पाठवलं तो गुडघाच नव्हता.

पोतं रिक्षात घालून घरी आणलं आणि मंदारला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही जेवत नव्हता. बोलत नव्हता. आई गेली आणि तुम्हीही जायला निघाला होता. मी काय करायला हवं होतं?"

मी म्हणालो, "विचारायला हवं होतं."

मी फोन ठेवला. तेव्हापासून त्याच्याशी आणि इंद्रजीतशी बोललेलो नाही. लोक म्हणतील, यात एवढं काय, मुलाने बापाच्या सुखासाठीच केलं. मला ते कळतं. पण लहान मुलाला मातीचा घोडा देऊन "चल, गावाला जाऊन ये" म्हणतात तसं या दोघांनी मला केलं, आणि मी दर महिन्याला गावाला जाऊन आलो म्हणून सांगत होतो. शेजारी, मेहुणे, व्याही, सगळ्यांना सांगत होतो. किती जणांना खरं माहीत होतं आणि ते माझ्यासमोर मान डोलवत होते, हे मला अजून कळलेलं नाही. चोराने हत्यारं नेली असती तर मी नवी घेतली असती. यांनी माझं काम नेलं. शिवराज नव्हता, त्याची प्लेट माझ्याकडे मुकी पडून होती, आणि हे दोघं एकमेकांत छान बसले.

चारुतालाही माहीत होतं. तिने स्वतः फोन करून सांगितलं, "हो बाबा, मला माहीत होतं. मला पटत नव्हतं. तरी मी गप्प बसले." खरं बोलायला तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. म्हणून या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिने करावी.

कलम सहा. वच्छलाबाई.

माझ्या गल्लीच्या तोंडाशी वच्छलाबाई गायके यांचं पोळी-भाजी केंद्र आहे. शेड नवीन असताना त्यांच्या मागच्या दाराची कडी मी करून दिली होती. ती त्यांनी स्वतः येऊन मागितली होती, इंद्रजीतने आणलेलं काम नव्हे. चार दिवसांनी त्या भरल्या हाताने, पीठ झटकत आल्या आणि शेडच्या दारातूनच म्हणाल्या, "काका, काय कडी केलीत का चेष्टा? लई घट्ट बसती. माझा अंगठा सोलला की."

मला राग आला होता. वैजापूरचे तात्यासाहेब नावाजतात आणि ही बाई चेष्टा म्हणते! पण गेलो, बघितलं, निळं एका कोपऱ्यातून गेलं होतं, तिथे दोन हात कानस मारली. बाई म्हणाल्या, "आता कसं!" आणि आत गेल्या. आभार वगैरे काही नाही.

श्रावणातल्या त्या दिवसानंतर मी पुन्हा त्यांच्या मागच्या दाराशी गेलो. कडीवर निळ्याचा ठिपका नव्हता. हात लागून लागून ती आरशासारखी झाली होती. शेडमधून बाहेर गेलेल्या सगळ्या वस्तूंमध्ये तक्रार एकीचीच आली होती, आणि कामाला तेवढी एकच लागली होती. मी तिथे उभा राहून ती कडी बऱ्याच वेळा उघडली आणि लावली. वच्छलाबाई आतून ओरडल्या, "काका, कडी बिघडली का तुमचं डोकं?"

माझं सागवानी बेंच मी त्यांच्या नावे लिहिणार होतो, पोळ्या लाटायला उत्तम आहे. पण या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणूनही मला त्याच हव्या आहेत, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असा कायदा आहे. मी त्यांना विचारलं, बेंच की सही? त्या म्हणाल्या, "बेंच ठिवायला जागा हाय का मला? आणा, सही करते."

म्हणून वच्छलाबाईंना काहीही नाही.

कलम सात. इंद्रजीत.

शिवराजची आणि माझी, दोन्ही प्लेटा इंद्रजीतला द्याव्यात. तिन्ही त्याच्याकडे राहाव्यात. त्याने दर दसऱ्याला त्या एकट्याने तपासाव्यात. जड जाईल. जाऊ दे.

कलम आठ. शेड आणि हत्यारं यांची व्यवस्था.

हे कलम मी आधी असं लिहिलं होतं: "माझ्या पश्चात शेड पाडावी. वाईस जिथून आणला तिथे, छावणीच्या बाजारात, नेऊन विकावा. कानशी, गुण्या, हातोड्या एकेक करून अनोळखी माणसांना विकाव्यात. पोतं भंगारात घालावं. मंदारने यातली एकही वस्तू घेऊ नये आणि शेडमध्ये पाऊल ठेवू नये."

दुपारी डॉक्टर आणि वच्छलाबाई सहीसाठी आले. सही करण्याआधी कागदात काय आहे ते साक्षीदाराने ऐकलंच पाहिजे असं नाही. पण वच्छलाबाई म्हणाल्या, "न ऐकता सही करायला मी काय अंगठेबहाद्दर हाय?" म्हणून मी पहिल्यापासून सगळं वाचून दाखवलं. डॉक्टर चष्मा पुसत राहिले. आठव्या कलमाशी वच्छलाबाईंनी हात वर केला.

"ह्ये नाय पटलं."

"तुम्हाला पटायची गरज नाही. सही फक्त साक्षीची आहे."

"आसू दे. काका, मला येक सांगा. तात्यासाहेब खोटा. मान्य. चाळणी खोटी. मान्य. पर ते लोखंड शहाण्यासारखं वागतं म्हणून कोण म्हणलं?"

"इंद्रजीतने वाचून दाखवलं."

"वाचून दाखवलं. लिवलं कुणी? साळुंके काकांना आसं बोलता येतंय व्हय? ते तर पोळी बरी झाली तर नुसतं मुंडकं हलवत्यात."

उत्तर मला श्रावणापासून माहीत होतं. ज्या दिवशी भिंतीवरचं ते खडूचं वाक्य पुसलं त्याच दिवशी कळलं होतं, आणि मला ते कळून घ्यायचं नव्हतं. ते निरोप पुण्याहून यायचे. मंदार लहानपणापासून माझ्यासमोर मोजकंच बोलतो. शाळेत निबंध मात्र चांगला लिहायचा. माझ्या कामाबद्दल त्याच्या तोंडून मी आजपर्यंत एक शब्द ऐकलेला नाही. सगळे शब्द त्याने तात्यासाहेबांना दिले.

याने फसवणूक कमी होत नाही. मला ते स्पष्ट लिहायचं आहे. माझा विश्वासघात झाला आहे आणि तो माझ्या दोन सगळ्यात जवळच्या माणसांनी केला आहे. पण हत्यारं अनोळखी माणसाला विकून तो भरून येत नाही, हेही खरं. म्हणून वरचं कलम आठ दोन्ही साक्षीदारांसमोर मी रद्द केलं आहे आणि त्या जागी हे लिहीत आहे:

शेड पाडू नये. तिची किल्ली चारुताकडे राहावी. पोतं मंदारला द्यावं. ते विकायचं नाही, भंगारात घालायचं नाही, शोभेला मांडायचं नाही. त्यातली एकेक वस्तू काढून त्याने तिला जागा शोधायची, जिथे ती खरोखर कामाला येईल. कोणाचं फाटक, कोणाची हातगाडी, कोणाची खिडकी, ते त्याने हिंडून बघावं आणि लोकांना विचारावं. बसवल्यावर तक्रार आली तर ऐकून घ्यावी. निळं गेलं की ती जागा इंद्रजीतला नेऊन दाखवावी. बोटाने पुसलेलं निळं आणि कामाने गेलेलं निळं यातला फरक इंद्रजीतला कळतो. या खेपेला तरी त्याने न चाललेली वस्तू चाललेली म्हणून पास करू नये. पोतं रिकामं झालं की शेड आणि सगळी हत्यारं मंदारची. पोलादाची कानस पितळेला लावू नये एवढं लक्षात ठेवावं, मी सांगितलं होतं.

कलम नऊ. अडकित्ता.

तो आता पोत्यात नाही, मी काढून घेतला आहे, माझ्या उशीखालच्या फडक्यात आहे. तो मी वैजापूरच्या तात्यासाहेबांसाठी केला होता आणि तो तात्यासाहेबांनाच मिळावा. म्हणजे ते वाक्य ज्याने लिहिलं त्याला. त्याने शेडमध्ये वाईससमोर उभं राहून ते वाक्य एकदा स्वतःच्या नावाने, स्वतःच्या तोंडाने म्हणावं आणि अडकित्ता घेऊन जावा. फोनवरून म्हटलेलं चालणार नाही.

हे वाचून दाखवल्यावर वच्छलाबाई म्हणाल्या, "तुमी मेल्यावर वाईससमोर बोलून काय वाईस ऐकणार हाय?"

डॉक्टर म्हणाले, मृत्युपत्र मृत्यूनंतरच लागू होतं, तसा कायदाच आहे. मला तो माहीत आहे. तरीही मी लिहून ठेवतो की बाकीची सगळी कलमं माझ्या पश्चात लागू व्हावीत आणि कलम नऊ उद्यापासून लागू व्हावं. उद्या दसरा आहे. सकाळी हत्यारं उचलायची आहेत. शेडचं दार मी आतून लावणार नाही. प्लेट घेऊन कोणाला यायचं असेल तर त्यालाही मनाई नाही, पण चहा मिळेल असं धरून चालू नये.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला आहे, दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला आहे, आणि त्यांच्या देखत सही करत आहे. माझ्यानंतर कोणी या कागदावरून भांडायचं ठरवलं तर आधी हा पुन्हा एकदा सगळा वाचावा.

सही: केशव दत्तात्रय वैजापूरकर

साक्षीदार पहिला: डॉ. हिमांशू देव, सही. लिहिणाऱ्याची प्रकृती तपासली. रक्तदाब थोडा जास्त, बाकी ठीक.

साक्षीदार दुसरा: वच्छलाबाई गायके, सही. (शेजारी त्यांनीच लिहिलं आहे: सगळं ऐकलं. पटलं नाय ते तोंडावर बोलले. सही माझीच.)

स्थळ: छत्रपती संभाजीनगर, मागची शेड.
दिनांक: आश्विन शुद्ध नवमी, बुधवार, १ ऑक्टोबर २०२५.

प्रत माहितीसाठी: चारुता. मंदार. मंदारची प्रत वच्छलाबाईंनी आपल्या फोनवर पानापानाचा फोटो काढून आत्ताच पुण्याला पाठवली. पाठवू का, असं त्यांनी आधी मला विचारलं. मी हो म्हणालो.